वाचकांचे प्रश्न : झग्याची नावं, हातची नावं

भिक्षू, मठवासी आणि त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्तू-प्राण्यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अशी नावं दोन वाटांनी पडतात. काही भिक्षूंच्या झग्यावरून, टोपड्यावरून किंवा रंगावरून, म्हणजे निव्वळ दिसण्यावरून पडलेली असतात. काही मात्र त्यांनी हातानं केलेल्या कामावरून पडतात. कोणतं नाव कुठल्या वाटेनं आलं हे कळलं, की त्या वस्तूकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

प्रश्न : घरात दोघांना मधुमेह आहे. साखरेऐवजी ‘मंक फ्रूट’ची पावडर आणली. चहाला ठीक वाटली, पण ओल्या नारळाच्या वड्या काही केल्या जमल्या नाहीत, भुगाच झाला. चूक कुठे झाली? आणि या फळाचा भिक्षूंशी संबंध काय? (पुणे)

चूक तुमच्या हाताची नाही. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. बहुतेक पाकिटांत मुख्य घटक एरिथ्रिटॉल नावाचा दुसराच गोड पदार्थ असतो आणि फळाचा अर्क अगदी थोडा. अर्क साखरेच्या दीडशे ते अडीचशे पट गोड असल्यामुळे तो चमच्यानं मोजता येत नाही, म्हणून वजन भरायला एरिथ्रिटॉल घालतात. वडीत साखर फक्त गोडी देत नाही. तिचा पाक चिकट होतो, तारेवर येतो, खोबऱ्याला धरून ठेवतो आणि थापल्यावर हळूहळू घट्ट होतो. एरिथ्रिटॉलचा पाक तारेवर येतच नाही. गरम असताना तो पाण्यासारखा पातळ राहतो आणि गार होताच त्याचे एकदम खडे होतात. मध्ये चिकटपणाची पायरीच नसल्यामुळे भुगा होतो. त्यामुळे वड्या, पाकातले लाडू, चिक्की आणि मुरांबा यांच्यासाठी ही पावडर घेऊ नका. मुरांब्यात आणखी एक अडचण आहे. साखर फळातलं पाणी धरून ठेवते म्हणून मुरांबा टिकतो. इथे तसं होत नाही, त्याला बुरशी येते.

खीर, बासुंदी, दुधी हलवा, कॉफी, सरबत यांना ती चालते. शेवटी, आच बंद करताना घाला. श्रीखंडाला घालायची असेल तर मिक्सरमधून पिठी करून घ्या. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात साखर २०० ग्रॅमपर्यंत विरघळते, एरिथ्रिटॉल जेमतेम ३५-४० ग्रॅम. म्हणूनच फ्रिजमध्ये ठेवलेलं श्रीखंड दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकचतं. जिभेवर थंडावा जाणवतो तोही त्याचाच, आणि एका वेळी जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. यादीत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज दिसलं तर ते पाकीट मधुमेह्यासाठी नकोच, कारण त्या दोन्हींनी रक्तातली साखर वाढते.

आता नाव. चिनी भाषेत हे ‘लुओहान ग्वो’, म्हणजे लुओहानचं फळ. आणि ‘लुओहान’ म्हणजे आपला ‘अर्हत’, निर्वाणाला पोचलेला बौद्ध भिक्षू! संस्कृत शब्द चिनी जिभेवर घोळत असा झाला. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतात, ग्वेलिनच्या डोंगरांत याची शेती होते. हा वेल पडवळ-दोडक्याच्या कुळातला. आपल्या कर्टोल्यासारखेच याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून फुलं हातानं फळवावी लागतात. ताजं फळ लवकर नासतं, त्यामुळे भट्टीत वाळवून विकतात. सुकं फळ मिळालं तर ते पावडरीपेक्षा सरस. एक फळ हातानं फोडून टरफल आणि बियांसकट सव्वा लिटर पाण्यात २५-३० मिनिटं मंद उकळा आणि गाळा. काळसर, गुळासारख्या वासाचं गोड पाणी मिळतं. हे पाणी दोन-तीन दिवसच, तेही फ्रिजमध्ये, ठेवा.

प्रश्न : गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या एका पुस्तकात तळ्याच्या तोंडाशी ‘मंक’ बांधा असं लिहिलं आहे. आमच्याकडे माजी मालगुजारी तलावाला तुडुम असतं, तसंच का हे? माझं मातीच्या बांधाचं १० गुंठ्यांचं तळं आहे. (भंडारा)

काम तेच, पाणी हवं तेवढं सोडायचं. रचना वेगळी. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती मठांची कार्प माशांची तळी असत, कारण उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य आणि मासा चालायचा. तळं पूर्ण रिकामं करून मासे धरायचे, तर पाण्यावर पक्का ताबा हवा. त्या मठांशी जोडला गेलेला हा उभा दरवाजा जर्मन भाषेत ‘म्योन्ख’ म्हणजे मठवासी झाला आणि तेच नाव मत्स्यशेतीच्या पुस्तकांत राहिलं.

‘मंक’ म्हणजे बांधाच्या आतल्या बाजूला, तळ्याच्या सर्वांत खोल जागी उभा केलेला काँक्रीटचा किंवा विटांचा चौकोनी खांब. त्याच्या तीनच बाजू बंद असतात आणि तळ्याकडची उघडी. मागच्या भिंतीच्या पायथ्यातून एक पाइप बांधाखालून बाहेर जातो. आतल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर उभ्या खाचांच्या तीन जोड्या ठेवतात. तुमच्या तळ्याला आतली रुंदी ३० ते ४० सेंमी पुरे. उंची पाण्याच्या जास्तीत जास्त खोलीपेक्षा २०-३० सेंमी अधिक, आणि पाइप २० सेंमी व्यासाचा. १,००० चौरस मीटरचं दीड मीटर खोल तळं एवढ्या पाइपानं साधारण दिवस-दीड दिवसात रिकामं होतं.

खाचांचा क्रम चुकवू नका. तळ्याकडच्या पहिल्या जोडीत तळाशी जाळी आणि तिच्यावर फळ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत तळापासून हव्या त्या पाणीपातळीपर्यंत फळ्या, आणि त्या दोन रांगांमधल्या साधारण १० सेंमी जागेत ओली चिकणमाती ठासून भरायची. माती भरली नाही तर फळ्यांच्या सांध्यांतून पाणी दिवसरात्र झिरपतं. या रचनेची खुबी पहिल्या रांगेत आहे. जादा पाणी जाळीतून, म्हणजे तळातून आत येतं, वर चढतं, मागच्या फळ्यांवरून सांडतं आणि पाइपात जातं. त्यामुळे प्राणवायू संपलेलं, विष्ठा आणि कुजका पाला मिसळलेलं तळचं पाणी बाहेर पडतं आणि वरचं चांगलं पाणी तळ्यात राहतं. साध्या सांडव्यातून उलट होतं, चांगलं पाणी वाहून जातं.

फळ्या २० सेंमी उंच आणि ३ सेंमी जाड घ्या. खाच ५ सेंमीची ठेवा. फळी पाण्यानं फुगते. खाच तंतोतंत ठेवली तर ऐन मासे काढायच्या दिवशी ती हलत नाही आणि पहार घालून फोडावी लागते. जाळीची भोकं माशाच्या आकाराप्रमाणे बदलायची. बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, ५-६ मिमी चालतात, मत्स्यजिऱ्याला, म्हणजे अगदी लहान पिल्लांना, १-२ मिमीच हवीत. बारीक जाळी लवकर तुंबते, ती रोज सकाळी ब्रशनं साफ करा.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा पाइपाशी. बांधातून पाइप गेला की त्याच्या कडेकडेनं पाणी वाट शोधतं, माती घेऊन जातं आणि एका पावसाळ्यात बांध बसतो. म्हणून पाइपाच्या मधोमध काँक्रीटची किमान एक चौकोनी कॉलर घाला. ती पाइपाच्या चारी बाजूंना ३० सेंमी बाहेर यायला हवी. भोवतालची माती १५ सेंमीच्या थरांनी, ओलसर असतानाच चोपून भरा. पाइपाला बाहेरच्या दिशेनं शंभराला एक उतार द्या. दुसरी हमखास चूक पायाची. खांब जड, पाइप हलका. काळ्या मातीत खांब थोडा जरी खचला तरी दोघांचा सांधा तुटतो. खांबाखाली पसरट पाया घ्या आणि पाइपाचा पहिला तुकडा त्याच पायावर बसवा.

मासे काढायच्या वेळी सगळ्या फळ्या एकदम ओढू नका. पाण्याच्या ओढीनं मासे जाळीवर चिकटून मरतात. एकेक फळी काढत पाणी उतरवा आणि मासे धरायचं शेवटचं काम पहाटे करा. आणि मुसळधार पावसाचं पाणी ‘मंक’च्या भरवशावर सोडू नका, त्यासाठी वेगळा सांडवा हवाच. प्लास्टिक कागद घातलेलं शेततळं असेल तर ‘मंक’चा नाद सोडा. कागद कापून काँक्रीटला घट्ट चिकटवणं फार अवघड जातं, तिथे सायफन बरा.

प्रश्न : जर्मनीत जुन्या छपराच्या कौलांना ‘मठवासी आणि जोगीण’ म्हणतात असं ऐकलं. खरं का? (रत्नागिरी)

खरं आहे. त्यांचं ‘म्योन्ख-नोन्ने’ छप्पर म्हणजे आपली नळीची कौलं. खालची उताणी ती ‘नोन्ने’, म्हणजे मठातली जोगीण, आणि दोन उताण्या ओळींमधली फट झाकणारं वरचं पालथं ते ‘म्योन्ख’. पाणी सगळं खालच्या ओळीतून वाहतं, त्यामुळे गळतीचा शोध घेताना नेहमी उताणं कौल आधी तपासा. वरचं फुटलेलं डोळ्यांना लगेच दिसतं, खालचं तडकलेलं दिसत नाही.

प्रश्न : कापुचिनो कॉफीला हे नाव भिक्षूंवरून पडलं का? घरी केली तर फेस दोन मिनिटांत बसतो. (ठाणे)

नाव कापुचिन पंथाचं. १५२५ च्या सुमारास इटलीत फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातून ही शाखा निघाली आणि १५२८ मध्ये तिला पोपची मान्यता मिळाली. ‘कप्पुच्चो’ म्हणजे त्यांचं लांब, टोकदार टोपडं. व्हिएन्नात क्रीम घातलेल्या कॉफीला तिच्या तपकिरी रंगामुळे ‘कापुत्सिनर’ म्हणत, पुढे इटलीत वाफेची यंत्रं आली आणि तिच्यावर फेस चढला. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्यानंतर मार्को द’आव्यानो नावाच्या कापुचिनानं ही कॉफी शोधली अशी गोष्ट सांगतात, तिला पुरावा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या कापुचिन माकडांचं नावही त्या टोपड्याच्या रंगावरूनच आलं. एक बारकावाही सांगायला हवा. कापुचिन हे मठात कायम वस्ती करणारे नव्हेत, भिक्षा मागत फिरणारे. इंग्रजीत त्यांना ‘मंक’ नव्हे, ‘फ्रायर’ म्हणतात. आपला ‘भिक्षू’ हा शब्द त्यांना जास्त शोभतो.

फेस बसण्याची कारणं तीन. दूध जास्त तापलं असेल. ६० ते ६५ अंशांवर थांबायचं, ७० च्या पुढे फेस मोडतो आणि उकळीचा वास येतो. दूध शिळं असेल, तर त्यातली चरबी फुटून बुडबुड्यांना टिकू देत नाही. किंवा आधीच उकळून सायीसकट ठेवलेलं दूध वापरलं असेल, तर ते गाळून घ्या. वाफेचं यंत्र असेल तर फ्रिजमधलं थंडगार दूध घ्या. नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, कागद फाटल्यासारखा आवाज आला पाहिजे. भांडं हाताला कोमट लागलं की टोक खोल बुडवा आणि दूध गरगर फिरू द्या. मोठे बुडबुडे या फिरण्यातच मोडतात. यंत्र नसेल तर १५० मिली दूध ६० अंशांवर आणून दट्ट्याच्या कॉफीपात्रात (फ्रेंच प्रेसमध्ये) २५-३० वेळा वरखाली करा, पात्र ओट्यावर दोनदा आपटा आणि लगेच ओता. कॉफी २५-३० मिली, पेला १५० ते १८० मिलीचा. मोठ्या मगात केली की ती दूधकॉफी होते.

प्रश्न : थायलंडला जाणार आहोत. तिथल्या भन्तेंना भोजनदान करायचं आहे. काय द्यावं, कसं द्यावं? (नागपूर)

पिंडपात, म्हणजे भिक्षूंची भिक्षाफेरी, पहाटे, साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान असतो. शिजवलेला भात, कोरडी भाजी, फळं, बंद बाटलीतलं पाणी द्या. कच्चे तांदूळ किंवा पीठ देऊ नका, तिथले थेरवादी पंथाचे भिक्षू स्वतः शिजवत नाहीत. पैसेही पात्रात टाकू नका, विनयानुसार, म्हणजे भिक्षूंच्या नियमांनुसार, सोनं-रुपं स्वीकारणं वर्ज्य आहे. चपला काढून उभं राहायचं, अन्न पात्रात ठेवायचं आणि आशीर्वादाच्या वेळी गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसायचं. स्त्रियांनी वस्तू हातात देऊ नये. ती पात्रात किंवा भिक्षू पसरतील त्या कापडावर ठेवावी. दुपारी बारानंतर घन अन्न देऊ नका, ते त्यांना घेता येत नाही.

अरण्यातल्या विहारात फळं दिलीत तर एक सुंदर गोष्ट पाहायला मिळेल. बी रुजू शकेल असं फळ भिक्षू तसंच खात नाहीत. ते ‘कप्पियं करोहि’ म्हणतात, आपण फळाला सुरीचं टोक टोचत ‘कप्पियं भन्ते’ म्हणायचं, आणि मग ते फळ ग्राह्य होतं. हे पाली शब्द महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत कानावरचे असल्यामुळे तुम्हाला अवघड जाणार नाहीत. तैवान किंवा व्हिएतनामला जाणार असाल तर मात्र संपूर्ण शाकाहारी आणि कांदा-लसूण नसलेलं द्या. जपानमध्ये दारी उभ्या राहिलेल्या भिक्षूच्या पात्रात नाणी टाकलेली चालतात. एका देशाची रीत दुसऱ्या देशात लावू नका.

प्रश्न : ‘मंक्सहूड’ची बियाणी ऑनलाइन मागवली आहेत. गच्चीत लावता येतील का? बचनाग तो हाच का? (नाशिक)

लावू नका. हे स्पष्टच सांगतो. फुलाची वरची पाकळी टोपड्यासारखी वाकलेली असते म्हणून हे नाव, पण रोप मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. हिमालयात होणारा बचनाग किंवा वत्सनाभ याच कुळातला. त्यातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाच्या ठोक्यांची लय मोडतं आणि शुद्ध स्वरूपात सुमारे दोन मिलिग्रॅमही माणसाला पुरेसं ठरू शकतं. तोंडाला मुंग्या आणि बधिरपणा ही पहिली खूण. तसं झालं तर घरगुती उपाय करत वेळ घालवू नका. याला उतारा नाही, हृदयाचा आलेख घेता येईल अशा रुग्णालयातच न्या. एरवीही ही रोपं थंड डोंगराळ हवेतली. बियाण्याला रुजायला कित्येक आठवडे गारठा लागतो, नाशिकच्या उन्हाळ्यात ती जगायची नाहीत.

आणखी एक घोटाळा टाळा. महाराष्ट्रात काही ठिकाणी कळलावीलाही बचनाग म्हणतात. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारा तो वेल. तोही विषारीच, पण त्याचं विष कोल्चिसिन, वेगळ्या प्रकारचं. डॉक्टरांना नुसतं ‘बचनाग’ सांगू नका, रोपाचा तुकडा किंवा फोटो सोबत न्या.

प्रश्न : म्युनिच, मोनॅको, बिहार. तिन्ही नावं भिक्षूंची का? (बंगळुरू)

दोन आहेत, एक नाही. म्युनिच म्हणजे ‘मठवाशांच्या जवळचं’, ११५८ सालच्या दस्तऐवजात ते पहिल्यांदा येतं. बिहार बौद्ध विहारांवरून. मोनॅको मात्र ग्रीक ‘मोनोइकोस’वरून, म्हणजे एकटं घर. तिथल्या राजचिन्हावर तलवारी घेतलेले दोन भिक्षू आहेत, त्यामुळे गैरसमज होतो. ते १२९७ मध्ये ग्रिमाल्डी घराण्यातल्या एकानं भिक्षूच्या वेशात किल्ला घेतला त्याची आठवण म्हणून.

प्रश्न : पाळीव पक्ष्यांच्या दुकानात ‘मंक पॅराकीट’ मिळतो. घ्यावा का? (कोल्हापूर)

हा अर्जेंटिना-उरुग्वेकडचा हिरवा पोपट, कपाळ आणि छाती राखाडी, म्हणून भिक्षूचं नाव. ‘मोनाखोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकटा’, आणि हा पक्षी तर पोपटांमध्ये काटक्यांचं घरटं बांधणारा, तेही अनेक जोड्यांची चाळ करून राहणारा! एकटा ठेवला तर पिसं उपटत बसतो. शिवाय पाळण्यासाठी त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते, कारण तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत आलेल्या यादीतला आहे. दुकानदार नोंदीची कागदपत्रं देत नसेल तर घेऊ नका. पाळलाच तर बाहेर सोडू नका. बार्सिलोनात पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे आता थवे झाले आहेत, आणि अमेरिकेत विजेच्या खांबांवरच्या त्यांच्या घरट्यांमुळे वीज जाते.

प्रश्न : इथे सुरमई क्वचित मिळते. मंकफिशचं कालवण होतं का? (लंडन)

उत्तम होतं. याचं मांस घट्ट, कालवणात तुटत नाही, आणि मधला एक कणा सोडला तर काटे नाहीत. बाजारात बहुतेक वेळा फक्त शेपटीचा भाग मिळतो. त्यावरचा पातळ करडा-गुलाबी पापुद्रा सुरीनं पूर्ण सोलून काढा. राहिला तर तो आकसतो आणि तुकडा पिळवटतो. तीन सेंमीचे तुकडे करून मीठ लावा, १५ मिनिटांनी सुटलेलं पाणी कागदानं टिपून घ्या. हे केलं नाही तर वाटण पाणचट होतं. आमसुलं घातलेलं कालवण उकळल्यावरच तुकडे सोडा, मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं, त्याहून जास्त ठेवलं तर रबरासारखे होतात. तळायचे असतील तर रवा लावण्याआधी पुन्हा एकदा टिपा.

गोठवलेली पिशवी घेताना मात्र नीट पाहा. २००७ मध्ये अमेरिकेत मंकफिश म्हणून आयात झालेला माल प्रत्यक्षात विषारी पफरफिश असू शकतो असा सरकारी इशारा निघाला होता, आणि पफरफिशचं विष शिजवून जात नाही. पाकिटावर ‘लोफियस’ हे शास्त्रीय नाव नसेल तर ती पिशवी परत ठेवा.